किनाऱ्यावरच्या स्वयंपाकघरातले स्टील

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

मे महिना लागला की किनारपट्टीच्या बाजारपेठांत आगोटीची खरेदी सुरू होते. मीठ, मिरच्या आणि कडधान्यांच्या जोडीने भांड्यांच्या दुकानांतही गर्दी होते आणि गणपतीपूर्वी घर नीटनेटके व्हावे म्हणून याच दिवसांत नवे सिंक, नवी मांडणी, ओट्याखालच्या ट्रॉल्या बसवून घेणारी कुटुंबेही बरीच असतात. या वस्तू विकताना ‘स्टील आहे, गंजायचे नाही’ एवढेच सांगितले जाते आणि घेणाराही तेवढ्यावर समाधान मानतो. पुढे दोन-तीन पावसाळे गेले की वेंगुर्ल्यापासून श्रीवर्धनपर्यंत कोणत्याही किनारी गावात त्याच ट्रॉलीच्या सांध्यांवर तांबूस डाग, सिंकच्या तळाशी बारीक काळे ठिपके आणि मांडणीच्या पट्ट्यांवर तपकिरी झाक दिसू लागते. मग दोष दुकानदाराच्या पदरी तरी घातला जातो, नाहीतर घरातल्या बाईच्या हयगयीवर तरी ठेवला जातो. दुसरा आरोप मला विशेष खटकतो, कारण जी बाई रोज जीव ओतून सिंक घासते तिच्याच सिंकची अवस्था पुष्कळदा सर्वांत वाईट झालेली असते.

मी अनेक वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकवले आणि त्याहून अधिक वर्षे किनाऱ्यावरच्या घरात रांधप केले. स्टीलला खऱ्या अर्थाने काय बाधते आणि काय मानवते, हे आपल्या भागातील वाचकांपुढे नीट मांडले जावे, या इच्छेने हे पत्र थोडे विस्ताराने लिहीत आहे.

स्टेनलेस स्टील हे मुख्यतः लोखंडच असते. त्यात किमान साडेदहा टक्के क्रोमियम मिसळलेले असते आणि सगळी करामत त्या क्रोमियमची आहे. इंग्लंडमधील शेफील्ड येथे हॅरी ब्रिअर्ली यांनी १९१३ मध्ये, बंदुकीच्या नळ्या लवकर झिजू नयेत म्हणून मिश्रधातूंचे प्रयोग करीत असताना, अशा पोलादाचा न गंजण्याचा गुण हेरला आणि लवकरच त्याच्या सुऱ्या बनू लागल्या. क्रोमियमचा हवेतील ऑक्सिजनशी संयोग होऊन पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा थर तयार होतो. तो इतका पातळ असतो, म्हणजे अवघा काही नॅनोमीटर, की डोळ्यांना तो दिसत नाही. तरीही खालच्या लोखंडापर्यंत तो हवा आणि पाणी पोहोचू देत नाही. त्याला ओरखडा गेला आणि ती जागा स्वच्छ व हवेशीर राहिली, तर तो आपला आपण भरून येतो. कल्हई गेलेल्या पितळेच्या पातेल्याला कल्हईवाल्याची वाट पाहावी लागत असे, तशी येथे पाहावी लागत नाही. मात्र या थराला ऑक्सिजन मिळत राहिला पाहिजे आणि मिठाशी त्याचा फार वेळ संबंध येता कामा नये.

मीठ, नेमके सांगायचे तर मिठातील क्लोराइड, या थराचा शत्रू आहे. थर जेथे किंचित दुबळा असेल तेथे क्लोराइड शिरतो आणि एक सूक्ष्म खड्डा पडतो. त्या खड्ड्यात ऑक्सिजन नीट पोहोचत नाही, विरघळलेल्या धातूमुळे आतले पाणी आम्लधर्मी होते, त्या ओढीने आणखी क्लोराइड आत येतो आणि खड्डा स्वतःच स्वतःला वाढवीत जातो. वरून टाचणीच्या टोकाएवढे भोक दिसते, पण आत ते पसरलेले असते. डब्याला एके दिवशी अचानक गळती लागते, तिची तयारी अशी कित्येक महिने आतून चाललेली असते.

आता आपल्या हवेकडे पाहू. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. लाटा फुटताना उडणारे सूक्ष्म तुषार वाऱ्याबरोबर गावात येतात आणि पाणी उडून गेले की क्षार जेथे टेकतात तेथेच राहतात. स्टीलवर तपकिरी झाक येण्याचा हा प्रकार किनाऱ्यापासून सुमारे पाच किलोमीटरच्या पट्ट्यात प्रामुख्याने आढळतो. वाऱ्याला आडकाठी नसेल तर तो त्याहून आतही जातो आणि लाटांच्या जितके जवळ जावे तितका वाढतो. म्हणूनच मालवण-देवगडच्या किनाऱ्यावर डागाळणारी मांडणी कणकवलीला तशीच चकचकीत राहते, आणि आतल्या गावच्या पाहुण्यांना आपली तक्रार पटत नाही. शाळेच्या भूगोलात ज्यांना आपण खारे वारे म्हणून शिकलो, ते पावसाळा सोडून उरलेल्या महिन्यांत रोज दुपारी पश्चिमेच्या खिडकीतून स्वयंपाकघरात येतात. घराबाहेरच्या कठड्यावरचे क्षार निदान पहिल्या पावसात धुऊन जातात. खिडकीलगतच्या ताटाळ्यावर, चिमणीच्या पत्र्यावर आणि मांडणीच्या वरच्या फळीवर बसलेल्या क्षारांना धुणारे मात्र आपल्या हाताखेरीज दुसरे काही नसते.

त्यात आपल्याकडचा दमटपणा. जाडे मीठ पावसाळ्यात पाझरते, हे कोकणातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. शुद्ध मीठ हवेतील आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या आसपास गेली की पाणी ओढू लागते. पण समुद्राच्या क्षारांत मॅग्नेशियम क्लोराइडही असते आणि ते तेहतीस टक्के आर्द्रतेलाच ओले होते. आपल्या किनाऱ्यावर आर्द्रता इतकी खाली क्वचितच उतरते. म्हणजे कोरड्या दिसणाऱ्या स्टीलवर बसलेली क्षारांची पुटी प्रत्यक्षात रात्रंदिवस ओलसर असते. खिडकीजवळचे स्टील आठवड्यातून एकदा तरी गोड्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने पुसून लगेच कोरडे करावे, असे मी आग्रहाने सांगते, ते यासाठी. नुसते कोरडे फडके फिरवून धूळ जाते, क्षार जात नाहीत.

हवेतून येणाऱ्या मिठापेक्षा आपण हाताने स्टीलवर ठेवलेले मीठ कितीतरी अधिक असते. खारवलेला बांगडा स्टीलच्या डब्यात, लोणच्यासाठी मीठ लावलेल्या कैऱ्या रात्रभर स्टीलच्या परातीत, आगळ स्टीलच्या पिंपात, हे प्रकार अलीकडे फार वाढले आहेत. आगळात कोकमाचे आम्लही आहे आणि मीठही आहे. क्लोराइडला आम्लाची साथ मिळाली की खड्डे पडण्याचा वेग वाढतो. आपल्या आजी-पणजी आगळ आणि लोणची चिनी मातीच्या बरणीतच ठेवत असत, आणि ती पद्धत रसायनशास्त्राच्या कसोटीवर आजही पूर्ण उतरते. सोलकढी स्टीलच्या पातेल्यात करावी, वाढावी, त्यात काहीच वावगे नाही. उरली तर काचेच्या भांड्यात काढून पातेले धुवावे, एवढेच. पेज किंवा भाजी उकडताना थंड पाण्यात मीठ टाकून पातेले तसेच ठेवण्याची सवयही मोडावी. न विरघळलेले खडे तळाशी बसतात आणि नेमक्या त्या जागी पांढुरके ठिपके पडतात, ते पुढे घासून जात नाहीत. पाणी उकळू लागल्यावर मीठ घालून ढवळले म्हणजे हे टळते. मासळी साफ करून झाली की सिंक तेव्हाच भरपूर पाण्याने धुवावे. खरकट्याच्या जाळीखाली, ओल्या स्पंजाखाली आणि सिंकमध्ये कायम पसरून ठेवलेल्या रबरी जाळीखाली पाणी साचून राहते, हवा पोहोचत नाही आणि डाग तेथूनच सुरू होतात. अशा वस्तू रात्री उचलून उभ्या करून ठेवाव्यात.

पाण्याबद्दलही सांगितले पाहिजे. खाडीकाठच्या आणि किनाऱ्याच्या विहिरींचे पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात क्लोराइडची इष्ट मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम आहे, आणि खारटपणा जिभेला जाणवू लागतो तोही साधारण याच सुमारास. घरगुती वापरात जे सर्वांत प्रचलित चांगले स्टील मानले जाते, त्याला दीर्घकाळ साचलेल्या पाण्यात लिटरला सुमारे २०० मिलिग्रॅमपर्यंतचेच क्लोराइड सुरक्षित धरतात. तेव्हा पाणी मचूळ लागते आहे असे जिभेने सांगितले की ते स्टीलवर वाळू देऊ नये, हा हिशेब कोणालाही करता येईल. थेंब वाळत जातो तसा त्यातला क्षार घट्ट होत जातो, म्हणून वाहत्या पाण्यापेक्षा वाळणारा थेंब अधिक बाधक. अशा दिवसांत भांडी मचूळ पाण्याने धुतली तरी शेवटचा हात गोड्या पाण्याचा द्यावा, आणि तेवढे गोडे पाणी नसेल तर पुसून ठेवावीत. पावसाळ्यात विहिरीत टीसीएल पावडर टाकतात, त्याने पाणी पिण्यायोग्य होते आणि त्या प्रमाणातील क्लोरीनने स्टील बिघडत नाही. ती पावडर कालवण्यासाठी मात्र स्टीलची बादली किंवा कळशी वापरू नये, प्लास्टिकची घ्यावी. जांभ्यातून झिरपणाऱ्या पाण्यात लोह असते, त्यामुळे नळाच्या तोंडाखाली पडणारी तांबूस रेघ हा बहुधा पाण्याचा रंग असतो. तो पाहून सिंक गंजले असे समजण्याचे कारण नाही.

आता ज्या सवयीमुळे सर्वांत अधिक नुकसान होते तिच्याविषयी. लोखंडी तारेची घासणी स्टीलवर चालवली की तिचे बारीक कण स्टीलच्या ओरखड्यांत अडकतात आणि दुसऱ्या दिवशी ते कण गंजतात. घरातील बाईला वाटते सिंक गंजले, ती आणखी जोराने तीच घासणी फिरवते आणि आणखी कण रुतवते. ज्या बाईचे श्रम अधिक तिचेच सिंक अधिक डागाळलेले, हे मी वर लिहिले, त्याचे कारण हे आहे. ओली विळी, खोवणी, बिडाचा तवा सिंकमध्ये रात्रभर पडून राहिला तर तोही आपला गंज स्टीलला देतो. राखेने पितळ आणि जुनी ॲल्युमिनियमची भांडी निघत असत, पण चकचकीत स्टीलवर राखेतील खरखरीत कणांचे ओरखडे उठतात आणि त्या ओरखड्यांत मीठ व ओल टिकून राहते. नारळाच्या सोडणाचा मऊ काथ्या, भांडी धुण्याचा साधा साबण आणि कोमट पाणी एवढे रोजच्यासाठी पुरते. करपलेले पातेले पाण्यात खाण्याचा सोडा घालून उकळावे आणि मग लाकडी उलथण्याने सुटते तेवढे सोडवावे. सिंकच्या किंवा शेगडीच्या पत्र्यावर बारीक समांतर रेषा असतील तर त्या रेषांच्या दिशेनेच पुसावे; आडवे घासले की चमक जाते आणि मळ धरतो.

संडास-न्हाणी धुण्याचे आम्ल ओट्याखालच्या कपाटात ठेवण्याची रीत घरोघर आहे. बाटलीचे बूच किंचित सैल असले तरी त्या आम्लाची वाफ बंद कपाटात कोंडते आणि सिंकच्या खालच्या बाजूला, बिजागऱ्यांना आणि ट्रॉलीच्या तारांना खाते. ब्लीचचेही तसेच, ते सिंकमध्ये ओतून ठेवले तर काही तासांत ठिपके पडू शकतात. ही दोन द्रव्ये एकत्र आली तर क्लोरीन वायू निघतो आणि त्याने जीवाला धोका होतो, हे प्रत्येक घरात मुलांनासुद्धा माहीत असले पाहिजे.

डाग पडलाच तर प्रथम तो वरवरचा आहे की खड्डा आहे, हे नख फिरवून पाहावे. वरवरच्या तांबूस डागांवर आपल्या परसातील बिंबल उत्तम काम करते, कारण त्या फळात ऑक्सॅलिक आम्ल पुष्कळ असते आणि ते गंजाला विरघळवते. बिंबलाची फोड डागावर चोळावी, काही मिनिटे थांबावे, भरपूर पाण्याने धुवावे आणि पुसावे. त्यात मीठ मुळीच मिसळू नये. चिंच-मीठ लावून तांबे-पितळ घासण्याची आपली जुनी सवय येथे हाताला आवरावी लागते. पाण्याच्या क्षारांचे पांढरे डाग पातळ केलेल्या व्हिनेगरने निघतात. पातेले अधिक तापल्यावर तळाला दिसणारे निळे-सोनेरी रंग हे तोच संरक्षक थर जाड झाल्याचे चिन्ह आहे. त्यात अन्न शिजवण्यास हरकत नसते. नखाला खड्डा लागला तर मात्र तो भरून येत नाही. जागा स्वच्छ आणि कोरडी ठेवली तर त्याची वाढ थांबू शकते, आणि मोठ्या सिंकच्या बाबतीत तेवढेही पुष्कळ आहे.

हे सारे केले तरी मूळ वस्तूच किनाऱ्याच्या योग्यतेची नसेल तर घरातल्यांनी किती पुसावे? येथे दुकानदार, ट्रॉल्या बनवणारे कारागीर आणि आपण ग्राहक, सर्वांचाच संबंध येतो. बाजारात ‘स्टील’ या एकाच नावाने निरनिराळे धातू विकले जातात. ३०४ या प्रकारात सुमारे अठरा टक्के क्रोमियम आणि आठ टक्के निकेल असते. २०२ मध्ये महाग निकेल कमी करून त्या जागी साडेसात ते दहा टक्के मँगनीज घातलेले असते, आणि याहूनही स्वस्त प्रकारांत क्रोमियमही घटवलेले असते. ४३० मध्ये निकेल जवळजवळ नसतेच. ३१६ मध्ये दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असते, क्लोराइडला तोंड देण्यात ते या सर्वांत पुढे आहे, आणि म्हणून समुद्राकाठच्या उघड्यावरील कामाला ते घेतात. घराच्या आत, नियमित पुसले जाणार असेल, तर ३०४ पुरेसे आहे असे माझे मत आहे. कोरड्या धान्याच्या डब्यांना २०२ चालेल. सिंक, ताटाळे आणि ट्रॉल्या या सतत ओल्या राहणाऱ्या वस्तू किनाऱ्यावर २०२ च्या घेणे म्हणजे काही वर्षांत पुन्हा खर्च करणे होय.

दुकानात लोहचुंबक लावून दाखवण्याची पद्धत आहे. ‘चिकटत नाही, म्हणजे अस्सल’ असे सांगितले जाते. चुंबकाने ४३० ओळखता येते, पण २०२ लाही चुंबक चिकटत नाही. उलट चांगल्या ३०४ च्या सिंकचे कोपरे दाबून घडवताना किंचित चुंबकीय होतात. तेव्हा या परीक्षेवर विसंबून जादा पैसे मोजू नयेत. ट्रॉलीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट विचारावी: जोडणीनंतर सांधे स्वच्छ करून दिले आहेत काय? वेल्डिंगच्या उष्णतेने सांध्याभोवती काळपट-निळी पट्टी येते, तिच्याखालच्या धातूतील क्रोमियम कमी झालेले असते, आणि ती पट्टी काढली नाही तर गंज तेथूनच डोके वर काढतो. गावातील कारागिरांना हे काम येत नाही असे नव्हे. ग्राहक मागत नाही आणि दर ठरवताना ते धरलेले नसते.

केंद्र सरकारने १४ मार्च २०२४ रोजी आदेश काढून स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांवर आयएसआय चिन्ह बंधनकारक केले आहे आणि त्यासाठी आयएस १४७५६ हे मानक आहे. घरगुती सिंकसाठीही आयएस १३९८३ हे मानक अस्तित्वात आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार वस्तूचा दर्जा आणि मानक यांची माहिती मिळणे हा ग्राहकाचा हक्क आहे. असे असताना आपल्या बाजारांतील बहुतेक बिलांवर ‘स्टील सिंक, एक नग’ एवढाच उल्लेख असतो. प्रकाराचा क्रमांक आणि पत्र्याची जाडी बिलावर लिहून देण्यास दुकानदाराला अर्ध्या मिनिटापेक्षा अधिक वेळ लागत नाही, आणि पुढे तक्रार करायची वेळ आली तर ग्राहकाच्या हाती तेवढाच कागद असतो. किनारपट्टीच्या तालुक्यांतील व्यापारी संघटनांनी ही पद्धत आपणहून सुरू करावी, अशी माझी त्यांना विनंती आहे.

मुंबईकरांच्या बंद घरांविषयीही लिहिणे भाग आहे, कारण त्यांतील स्टीलला वर्षातून कित्येक महिने कोणाचाच हात लागत नाही. मे महिन्याची सुट्टी संपवून निघताना सिंक, शेगडी आणि ताटाळे गोड्या पाण्याने पुसून पूर्ण कोरडे करावे, आम्लाच्या आणि ब्लीचच्या बाटल्या स्वयंपाकघरातून हलवाव्यात, मिठाची बरणी स्टीलच्या मांडणीवर ठेवून जाऊ नये आणि ट्रॉल्या बंद न करता थोड्या बाहेर ओढून ठेवाव्यात, म्हणजे आत हवा खेळते. पश्चिमेची खिडकी नीट लागते की नाही हे पाहावे. स्टीलवर खोबरेल तेलाचा अगदी पातळ हात फिरवून गेले तर ओल थेट धातूला लागत नाही, आणि गणपतीला आल्यावर साबणाने ते सहज निघते. तेल जाड लावले तर मात्र त्यावर धूळ बसून चिकटा होतो.

शेवटी आपल्याला एक विनंती. गणेशोत्सवापूर्वी आपल्या दैनिकात भांडी, सिंक आणि ट्रॉल्यांच्या अनेक जाहिराती येतात आणि त्यांत ‘कधीही न गंजणारे’ हे शब्द हटकून असतात. अशा जाहिराती स्वीकारताना स्टीलच्या प्रकाराचा क्रमांक छापण्याचा आग्रह आपल्या जाहिरात विभागाने धरावा. या वर्षीच्या पुरवणीपासूनच तो धरता आला, तर त्या आधारे दुकानात प्रश्न विचारणे किनाऱ्यावरच्या गृहिणींना सोपे जाईल.

आपली विश्वासू,
एक वाचक, वेंगुर्ले